गाडीचा एसी, बसलेला कंप्रेसर आणि थॉमस मिजली नावाचा माणूस

मे महिन्यात अकोल्यात गाडीचा एसी बंद पडणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. माझी सेकंडहँड हॅचबॅक आहे. मागच्या उन्हाळ्यात तिचा एसी सकाळी बरा चालायचा आणि दुपारी सिग्नलला थांबलो की नुसती गरम हवा. एका गॅरेजवाल्याने दोनदा गॅस भरून दिला. वजन नाही, मोजमाप नाही, डबा लावला आणि झालं. दोन्ही वेळेला महिन्याभरात जैसे थे. आमच्याकडे म्हणतात ना, रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत.

शेवटी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांनी कंप्रेसर बदलून दिला, ती गोष्ट पुढे येईलच. पण काम चालू असताना मी बाजूला स्टुलावर बसून फोनवर हा गॅस आला कुठून ते शोधत होतो. त्यात एक नाव सापडलं आणि तीन दिवस डोक्यातून गेलं नाही. थॉमस मिजली ज्युनियर. आज लेख त्याच्यावर आहे, अधूनमधून माझी गाडी येईल.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स गावचा. वाढला ओहायोमधल्या कोलंबसला. वडील स्वतः टायरच्या धंद्यातले आणि खटपटी संशोधक. पोरगं १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झालं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं आयुष्य त्याने केमिस्ट्रीत काढलं आणि ती बरीचशी काम करता करता शिकला. १९१६ मध्ये तो डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या लॅबमध्ये रुजू झाला. केटरिंग म्हणजे गाडीला इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर देणारा माणूस. त्याने या नव्या पोराला एक दुखणं शोधायला दिलं: इंजिनातला खडखडाट.

याला नॉकिंग म्हणतात. चढावर, जास्त लोडवर इंजिनातून टकटक आवाज येतो, ताकद कमी होते आणि जास्त झालं तर पिस्टनची वाट लागते. तेव्हा लोकांचा समज असा की स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटतं म्हणून असं होतं. केटरिंगच्या सेल्फ स्टार्टरवर आणि बॅटरी इग्निशनवरही खापर फुटत होतं. मिजलीने सिलिंडरमधला दाब मोजला आणि दाखवलं की स्पार्क वेळेवरच पडतो, गडबड त्याच्या नंतर होते. उरलेलं मिश्रण एकदम भडकतं आणि दाब झटक्यात वाढतो. म्हणजे दोष इग्निशनचा नव्हता, इंधनाचा होता. आधी मोजायचं, मग बोलायचं. मला हा माणूस इथेच आवडला.

पुढचा किस्सा भारी आहे. केटरिंगची कल्पना अशी की इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता जास्त शोषेल, लवकर वाफ होईल आणि नॉकिंग थांबेल. लॅबमध्ये तेलात विरघळणारा लाल रंगच नव्हता, म्हणून मिजलीने आयोडीन घातलं. आवाज कमी झाला! मग त्याने खरे लाल रंग आणून घातले, तर काहीच फरक नाही. म्हणजे रंगाची थिअरी पूर्ण चुकीची, पण आयोडीनमध्ये काहीतरी होतं. साधा माणूस आयोडीनवर खूश होऊन थांबला असता. पण आयोडीन महाग होतं आणि धातू खायचं, म्हणून तो पुढे शोधत राहिला. आधी अंदाधुंद, जे हाताला लागेल ते. मग मूलद्रव्यांची आवर्तसारणी समोर ठेवून, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सरकत. सेलेनियम चालतं, टेल्युरियम त्याहून चांगलं चालतं, पण त्याचा वास अंगातून जात नाही, आंघोळ करा नाहीतर काही करा. दुसऱ्या एका ओळीच्या खालच्या टोकाला होतं शिसं. ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राइथाइल लेड इंजिनात घातलं आणि खडखडाट गायब. गॅलनभर पेट्रोलला चमचाभरही लागत नव्हतं.

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल विकायला सुरुवात झाली. नाव ठेवलं एथिल. शिसं हा शब्द नावातून गायब. एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो. अल्कोहोल मिसळलं तरी नॉकिंग कमी होतं हे मिजलीला माहीत होतं, त्यावर त्याने कामही केलं होतं. आज आपण पंपावर जे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरतो, उसाच्या कारखान्यांतून येणारं, तोच रस्ता. पण त्यासाठी इथेनॉल भरपूर लागायचं आणि ते कोणीही बनवू शकत होतं. शिसं थोडंसं पुरायचं आणि पेटंट कंपनीच्या हातात राहायचं.

आणि शिसं विष आहे हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं असं बिलकुल नाही. १९२३ च्या सुरुवातीला मिजली स्वतःच शिशाच्या विषबाधेने आजारी होता. काम थांबवून तो हवापालटासाठी फ्लोरिडाला गेला. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत जिथे हे रसायन बनायचं तिथले कामगार भ्रमिष्ट झाले, त्यांना भास व्हायला लागले, पाच जण मेले. पेपरांनी त्याला वेड लावणारा गॅस म्हणायला सुरुवात केली. तेव्हा ३० ऑक्टोबरला मिजलीने पत्रकारांसमोर हे रसायन हातावर ओतून घेतलं आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला. बघा, मला काही झालं नाही, असा सगळा थाट. आजार भोगून आलेला माणूस हे करतो, हे वाचल्यावर मी फोन खाली ठेवला. काही काळ विक्री थांबली, सरकारी परिषद बसली, १९२६ मध्ये विक्री परत सुरू. आपल्याकडे संपूर्ण देशात शिसं नसलेलंच पेट्रोल मिळायला फेब्रुवारी २००० उजाडलं. जगात गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये थांबलं. मधल्या काळात किती पोरांच्या रक्तात आणि मेंदूत हे शिसं गेलं, तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

आता एसीकडे येऊ

एसी आणि फ्रिजचं तत्त्व एकच. एखादा द्रव वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार लागतं ना, तसंच. ती वाफ कंप्रेसरने दाबायची, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तिची उष्णता बाहेर टाकून तिचा परत द्रव करायचा, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सोडायचा, की डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो परत वाफ होतो. तोच गॅस गोल गोल फिरत राहतो. तो संपत नाही. गॅस कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे.

१९२० च्या दशकात फ्रिजमध्ये या कामाला अमोनिया, सल्फर डायऑक्साइड नाहीतर मिथाइल क्लोराइड वापरायचे. यातला कोणी विषारी, कोणी पेट घेणारा, कोणी दोन्ही. गळती झाली तर झोपेत माणसं मरायची. जनरल मोटर्सची फ्रिज बनवणारी कंपनी होती फ्रिजिडेअर, आणि तिला घराघरात जायचं होतं. १९२८ मध्ये केटरिंगने परत मिजलीलाच हाक मारली: पेटणार नाही, विषारी नसेल आणि योग्य तापमानाला उकळेल असं काहीतरी शोध.

मिजलीने परत आवर्तसारणी काढली. आल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनॅरी सोबतीला होते. सारणीत उजवीकडे सरकलं की ज्वलनशीलता कमी होते, वर सरकलं की विषारीपणा कमी होतो, आणि त्या कोपऱ्यात बसलंय फ्लोरीन. त्या काळी फ्लोरीनचं नाव काढलं की केमिस्ट दोन पावलं मागे सरायचे. तरी तीन दिवसांत त्यांच्या हातात डायक्लोरोडायफ्लुरोमिथेन होतं. यालाच आपण आर-१२ म्हणतो, बाजारातलं नाव फ्रिऑन.

आता नशीब बघा. हा गॅस बनवायला अँटिमनी ट्रायफ्लुराइड लागायचं, त्याच्या पाच छोट्या बाटल्या त्यांनी मागवल्या होत्या. एका बाटलीतला माल वापरून गॅस केला, काचेखाली गिनीपिग ठेवला आणि गॅस सोडला. गिनीपिग मजेत. दुसऱ्या बाटलीतला माल वापरून परत केलं, तर गिनीपिग मेला. शोध घेतला तेव्हा कळलं की पाचपैकी एकच बाटली शुद्ध होती. बाकीच्यांत पाण्याचा अंश असलेलं मीठ होतं आणि त्यामुळे फॉस्जीन तयार होत होता, पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारायला वापरलेला विषारी गॅस. चांगली बाटली योगायोगाने पहिली हातात आली. दुसरी कुठलीही आधी उघडली असती, तर कदाचित हा नाद तिथेच सुटला असता.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटाला अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत मिजलीने सगळ्यांसमोर हा गॅस छातीभरून ओढला आणि हळूच मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली. विषारी नाही आणि पेटत नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध. शिशाच्या वेळी तो खोटं वागला होता, यावेळी मात्र जे दाखवलं ते खरं होतं. आर-१२ खरोखर माणसाला काही करत नाही. त्याच्यामुळे घरातले फ्रिज सुरक्षित झाले, लोकांचे जीव वाचले, हे मान्य करायलाच पाहिजे.

याच गॅसवर गाडीचा एसी आला. नोव्हेंबर १९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीने शिकागोच्या प्रदर्शनात कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी दाखवली. कूलिंग कॉइल मागे डिकीकडे. आणि कंप्रेसरला क्लचच नव्हता! इंजिन चालू तर कंप्रेसर चालू. एसी नको असेल तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढायचा. आपण बटण दाबल्यावर जो टक् असा आवाज येतो, तो इलेक्ट्रिक क्लच गाड्यांत १९५० च्या दशकात आला.

उस्तादांचं निदान

त्या टक् आवाजापासूनच उस्तादांनी सुरुवात केली. इंजिन चालू, एसी चालू, आणि मला फोनवर कंप्रेसरच्या पुलीचा स्लो मोशन व्हिडिओ काढायला लावला. पुढची चकती पुलीसोबत फिरतेय म्हणजे क्लच लागतोय. तो लागत नसता तर आधी फ्यूज, रिले आणि कॉइलपर्यंत बारा व्होल्ट येतायत का ते बघायचं, लगेच कंप्रेसर बदलायला धावायचं नाही. (नवीन काही गाड्यांत क्लचच नसतो, आतून कमी-जास्त होणारा कंप्रेसर असतो, तिथे हा आवाज शोधू नका.) पट्टा ठीक, कंडेन्सरचा पंखा ठीक.

मग त्यांनी रिकव्हरी मशिन लावून आतला गॅस काढला आणि वजन केलं. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलेलं, निघाला १७० ग्रॅम. गॅसला ना रंग ना वास, त्यामुळे आधी थोडा अल्ट्राव्हायोलेट रंग आत सोडून दोन दिवस गाडी चालवायला लावली होती. निळ्या टॉर्चखाली कंप्रेसरच्या शाफ्टपाशी हिरवट चमक दिसली. शाफ्टचं सील गेलं होतं. पूर्वी आर-१२ च्या काळात गळती शोधायला ज्योतीचा दिवा असायचा, गॅस लागला की ज्योत हिरवी व्हायची. उस्तादांनी तरुणपणी तो वापरलाय आणि घसा जळायचा म्हणाले. जळणारच. आर-१२ ज्योतीत गेला की थोडा फॉस्जीन तयार होतो. मिजलीचा दुसरा गिनीपिग ज्याने मेला तोच.

सील तर गेलंच होतं, पण कंप्रेसर आतून शाबूत आहे का? ते बघायला त्यांनी वजन करून पूर्ण ४५० ग्रॅम भरला आणि गेज लावले. सकाळची वेळ, साधारण ३२ अंश तापमान. अशा वेळी लो साइडला तीस-चाळीस पीएसआय आणि हाय साइडला दोनशेच्या आसपास दिसायला हवं. दिसलं पासष्ट आणि एकशे तीस. दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले. म्हणजे गॅस पुरेसा आहे, पण दाबणारा दाबतच नाहीये. दोन्ही काटे खाली असते तर गॅस कमी असं धरलं असतं.

परत गॅस मशिनमध्ये काढून घेतला आणि कंप्रेसर उतरवला. आतलं ऑइल राखाडी, त्यात चमकणारी धातूची कणी. कारण सरळ आहे. कंप्रेसरला वेगळी ऑइल टाकी नसते, गॅससोबत फिरणारं ऑइलच त्याला ओलं ठेवतं. गॅस गळाला की ऑइल परत येत नाही आणि कंप्रेसर कोरडा घासत राहतो. गळती न शोधता गॅस भरून भरून माझा चारशे रुपयांच्या सीलचा प्रश्न कंप्रेसरवर गेला होता. मी दोन्ही वेळेला ते पैसे आनंदाने दिले होते, हे वेगळं.

नवीन कंप्रेसर बसवताना कणी आत राहू नये म्हणून पाइप धुतले, ओलावा शोषणारा ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवे टाकले, ओ-रिंग ऑइल लावून बसवल्या. कंप्रेसर हाताने आठ-दहा वेळा फिरवला, म्हणजे आत साचलेलं ऑइल पसरतं आणि पहिल्याच फेरीत तो अडत नाही. मग पाऊण तास व्हॅक्यूम. पंप बंद करून काटा हलतो का ते बघितलं. हलला नाही. त्यानंतर वजन करून गॅस.

मिजलीचा शेवट

१९४० मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, मिजलीला पोलिओ झाला. पाय गेले. तोपर्यंत शंभरावर पेटंट त्याच्या नावावर होती, पुढच्याच वर्षी प्रिस्टली पदक मिळालं, १९४४ मध्ये तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. अंथरुणातून उठायला-बसायला कोणाची मदत लागू नये म्हणून त्याने स्वतःच दोऱ्या आणि पुल्यांची एक यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ ला तो त्याच दोऱ्यांत अडकून गुदमरलेला सापडला. वय पंचावन्न. बहुतेक ठिकाणी अपघात म्हणून सांगतात, काही जण त्याने स्वतः जीव दिला असं मानतात. इंटरनेटवर या मरणाचे मीम फिरतात. मला ते बघवत नाहीत.

ओझोनचं त्याला कधीच कळलं नाही. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी मांडलं की हा गॅस खाली काहीच करत नाही, म्हणूनच तो वर जाऊन पोहोचतो. तिथे अतिनील किरणांनी त्यातलं क्लोरीन सुटतं आणि एकेक अणू हजारो ओझोनचे रेणू मोडतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगासमोर आलं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. जो गुण मिजलीने मेणबत्ती विझवून दाखवला होता, कशाशीच न भांडण्याचा, तोच नडला. आर-१२ हवेत साधारण शंभर वर्षं टिकतो. त्याने स्वतः छातीत भरून सोडलेल्या त्या गॅसचा काही भाग आजही वर असणार.

आधीच्या शिशासाठी मी त्याला माफ करू शकत नाही, त्याला माहीत होतं. फ्रिऑनसाठी दोष देणं मला जमत नाही. वरच्या हवेत काय होतं हे विचारण्याइतकं ज्ञानच तेव्हा नव्हतं. दोन्हींची बेरीज करून त्याला जगातला सगळ्यात घातक संशोधक म्हणणारे व्हिडिओ हा फरक पुसून टाकतात.

माझ्या गाडीत आर-१३४ए आहे. त्यात क्लोरीन नाही, ओझोनला धोका नाही. पण हवेत सुटला की पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट भारी. काही नव्या गाड्यांत त्याच्या जागी आर-१२३४वायएफ येतोय, त्याचे नोझल वेगळे असतात, त्यामुळे गॅस भरण्याआधी बॉनेटखालचं स्टिकर फोनमध्ये टिपून ठेवा आणि गॅरेजवाल्याला दाखवा. वजन करून भरणारा आणि जुना गॅस मशिनमध्ये काढून घेणारा शोधा. पहिल्या गॅरेजवाल्याने माझ्यासमोर व्हॉल्व्हची पिन दाबून उरलेला गॅस सुर्रर्र करून सोडून दिला होता आणि मी व्हॉट्सॲप बघत उभा होतो.

बिल होईपर्यंत मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. ४५० मधून १७० गेले, उरले २८० ग्रॅम. म्हणजे साधारण पावणेचारशे किलो कार्बन डायऑक्साइड, दीडशे लिटरहून जास्त पेट्रोल जाळल्यासारखं. आधी दोनदा भरलेला यात धरलेला नाही, कारण तो कोणी मोजलाच नव्हता. उस्तादांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून आकडा बघितला, मशिनवरचा काटा परत एकदा तपासला आणि पावतीवर गॅसच्या पुढे ४५० ग्रॅम असं लिहून दिलं.